रूबी चॉकलेटचं गुलाबी हॉट चॉकलेट: दुधात घातलं की रंग का जातो आणि काय करायचं

रूबीचं पाकीट नेलं की दुसऱ्या दिवशी हमखास फोन येतो, पाकिटात तर मस्त गुलाबी होतं, दुधात घातल्यावर राखाडी झालंय बघा, जुना माल दिला काय हो? माल जुना नाही. खरं रूबी असलं की साध्या गरम दुधात ते असंच करतं, आणि ते का करतं हे एकदा कळलं की घरी छान गुलाबी कप करता येतो, म्हणून हा कागद प्रत्येक पाकिटासोबत देतोय, जरा वेळ काढून वाचा.

काउंटरवर दुसरा प्रश्न असतो तो असा, "गुलाबी कलर घालून विकूलालाय काय?" तर नाही. रूबीत वरून कलर नसतो, स्ट्रॉबेरीचा इसेन्सही नसतो. बॅरी कॅलबो नावाच्या कंपनीनं 5 सप्टेंबर 2017 ला शांघायमध्ये हे चॉकलेट पहिल्यांदा लोकांसमोर आणलं, डार्क, मिल्क आणि व्हाइट नंतरचं चौथं चॉकलेट म्हणून, आणि पुढच्याच जानेवारीत जपान आणि कोरियात त्याचं किटकॅट आलं. पूर्ण कृती कंपनीनं अजून उघड केलेली नाही, पण रंग कोकोच्या बीतलाच आहे एवढं नक्की. ताजी कोको बी आतून जांभळट असू शकते, नेहमीच्या चॉकलेटसाठी ती काही दिवस आंबवतात आणि मग भाजतात, त्यात तो जांभळा जाऊन तपकिरी येतो. रूबीत तो मूळ रंग सांभाळलेला असतो आणि तो टिकावा म्हणून आंबटपणा लागतो, पाकिटावरचे घटक वाचलेत तर शेवटी सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे आपलं लिंबूसत्त दिसेल. चवीलाही म्हणूनच ते आंबटगोड लागतं, फळासारखं, कोकोचा कडवटपणा जवळजवळ नाही.

आता दुधाचं. हा रंग आंबटात गुलाबी राहतो आणि आंबटपणा कमी झाला की निळसर राखाडीकडे जातो. हळदीचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की डाग लालभडक होतो ना, ती हळद तीच असते, साबणानं फक्त तिचा रंग फिरवलेला असतो, रूबीचं पण तसंच आहे, फक्त उलट्या दिशेनं. दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण 6.6 ते 6.7 (7 च्या खाली आंबट, वर सोड्यासारखं), म्हणजे दूध जवळजवळ मधलंच, आणि कपात 50 ग्रॅम रूबीला 150 मिली दूध म्हटल्यावर चॉकलेटचा आंबटपणा त्यात हरवून जातो. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून बऱ्याच घरांत चिमूटभर खायचा सोडा घालतात, त्या दुधात तर रूबी घालूच नका, बघता बघता राखेसारखा रंग होईल. बोअरच्या जड पाण्यात पण तेच, पाणी घालायचंच असेल तर फिल्टरचं घ्या.

मग कुणी म्हणेल, सोपं आहे की, लिंबू पिळायचं. गरम दुधात लिंबू पिळलं की पनीर होतं. कोकम आगळ पण नको, चुलत भावाच्या लग्नात गोव्याहून आणलेली बाटली घरात असते आणि हात तिकडेच जातो, पण आगळ लिंबाइतकंच आंबट, दूध फाटणारच. गूळही नको, त्यानं पण गरम दूध फाटू शकतं आणि रंग मातकट होतो.

आम्ही बीट पावडर सांगतो. बिटाचा रंग वेगळ्या जातीचा, तो दुधाच्या पीएचला पण गुलाबीच राहतो, म्हणून इथं तो कामाचा. एका कपाला पाव छोटा चमचा पुरे, जास्त झाली की मातीचा वास येतो. पावडर नसेल तर कच्चं बीट किसून पिळायचं, रसाचे आठ-दहा थेंब. बिटाचा रंग उकळून उडतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर. काही जण म्हणतील मग रूबीचा रंग कुठं राहिला, तर होय, कपातला गुलाबी बराचसा बिटाचाच असतो, आम्ही ते लपवत नाही, चव मात्र रूबीची असते आणि पैसे तुम्ही चवीचेच देता. गुलाबाचं सरबत घालू नका अशी आमची हात जोडून विनंती, रंग येईल पण रूबीची नाजूक चव त्याखाली पूर्ण दबते, तसंच करायचं तर साधं व्हाइट चॉकलेट घ्या, स्वस्तात होईल.

करायचं असं. 50 ग्रॅम रूबी बारीक चिरा, बटन असतील तर चिरायची पण गरज नाही. 150 मिली दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा आणि कडेला बारीक बुडबुडे येऊन वाफ दिसली की गॅस बंद, उकळी येऊ द्यायची नाही. दोन मिनिटं थांबा, साय आली तर काढा. आता सगळं दूध एकदम ओतू नका, चिरलेल्या रूबीवर आधी तीन-चार चमचेच दूध घाला, अर्धा मिनिट तसंच राहू द्या आणि मग मधून बाहेर असं गोल गोल फेटा. सुरुवातीला गुठळ्या झाल्यासारखं, तेल सुटल्यासारखं दिसेल, घाबरू नका, फेटत राहिलं की ते एकदम चकचकीत आणि घट्टसर होतं, तिथं आलं की उरलेलं दूध धार धरून घाला. मग बीट, मग अगदी दोन-चार कण मीठ. मिठानं आंबटगोड चव उठून येते, सोडू नका. साखर आधी घालू नका, रूबीत साखर आहेच, चाखून बघा आणि मग ठरवा, बहुतेकांना लागत नाही.

दूध कुठलं? टोन्ड दूध बरं, त्यात फॅट 3 टक्के असतं. रूबीत एक तृतीयांशापेक्षा जास्त फॅट आधीच असतं, त्यात खानापूरकडचं घट्ट म्हशीचं दूध घातलं की दोन घोटांत पोट भरतं आणि चवही मंद होते. म्हशीचंच असेल तर तिसरा हिस्सा पाणी घाला.

डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात असते, तेव्हा एक-दोन ठेचून कपाच्या तळाशी घाला आणि वरून प्यायच्या गरमपणाचं हॉट चॉकलेट हळू ओता, कडकडीत नको. ढवळू नका, चमच्यानं खालून घेत खा. रूबीच्या आंबटपणाला याच्याइतकी चांगली जोड आम्हाला दुसरी मिळाली नाही.

बाजारात गुलाबी कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं फॅट घातलेलं चॉकलेटसारखं, पण मिळतं, ते रूबी म्हणून गळ्यात पडू नये म्हणून हे लक्षात ठेवा. मागे घटक वाचा. कोको बटर लिहिलेलं हवं, हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट नको, आणि 122 किंवा 124 असले कलरचे नंबर दिसले तर ते रंगवलेलं आहे. कंपाउंड दुधात उकळलं तरी गुलाबीच राहतं, खरं रूबी राहत नाही. कंपाउंड वाईट असं नाही, केकवर सजावटीला ते आम्ही पण विकतो, फक्त रूबीच्या भावात घेऊ नका. आम्ही देतो त्या कॅलबोच्या आरबी1 नावाच्या रूबीमध्ये कमीत कमी 47.3 टक्के कोकोचा भाग आणि 26.3 टक्के दुधाचा भाग आहे, मोठ्या पाकिटावरचं छापील लेबल दुकानात कधीही मागा, दाखवतो.

ठेवायचं कसं: उजेडात रूबीचा रंग फिका पडतो, म्हणून काचेच्या बरणीत ओट्यावर मांडून ठेवू नका, दिसायला कितीही छान असलं तरी. आमच्या चंदेरी पाउचमध्येच, हवा काढून, झिप लावून अंधाऱ्या कपाटात. बेळगावच्या पावसाळ्यात हवेत ओल असते, तेव्हा ओला चमचा पाउचमध्ये जाऊ देऊ नका. एप्रिल-मेमध्ये फ्रिजमध्ये ठेवावं लागलं तर पाउच घट्ट डब्यात घालून ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका, थंड चॉकलेटवर पाणी धरतं. निपाणी, चिकोडी, खानापूरला बसनं पार्सल मागवता, तर उन्हाळ्यात संध्याकाळच्या गाडीनंच पाठवतो. तरी वाटेत थोडं वितळून परत घट्ट झालं तर वर पांढरट पापुद्रा येतो, तो कोको बटर वर आल्यानं, बुरशी नाही. तसं पाकीट केकसाठी वापरू नका, हॉट चॉकलेटला वापरा, वितळल्यावर काहीच फरक नाही.

दूध आणि सोया लेसिथिन यात आहे, अ‍ॅलर्जी असेल त्यांनी घेऊ नये. उपवासाला चालतं का असं बऱ्याच काकू विचारतात, सोया असल्यामुळे आम्ही हो म्हणत नाही, चतुर्थी सोडल्यावर प्या.