अमेरिकेत सेमी-ट्रक लीजवर घ्यायचाय? आधी कोणाच्या अथॉरिटीवर चालवणार ते ठरवा

सेमी म्हणजे कागदावर दोन गाड्या, पुढे इंजिनवाला ट्रॅक्टर आणि मागे ट्रेलर. दोघांची नंबर प्लेट वेगळी, वार्षिक इन्स्पेक्शन वेगळं आणि बऱ्याचदा मालकही वेगळे. त्यामुळे लीजचं बोलणं सुरू झालं की नुसता हप्ता किती हे विचारू नका, गाडी कोणाच्या अथॉरिटीवर (माल वाहण्याच्या सरकारी परवान्यावर) धावणार, तुमच्या स्वतःच्या की दुसऱ्या वाहतूक कंपनीच्या, ते आधी विचारा, कारण सगळी कागदपत्रं त्यावरच ठरतात.

ड्रायव्हरची पात्रता दोन्हीकडे सारखीच. क्लास ए सीडीएल (अवजड गाड्यांचं व्यावसायिक लायसन्स), राज्याबाहेर जायचं तर वय किमान 21, जास्तीत जास्त 24 महिने चालणारं मेडिकल सर्टिफिकेट, ड्रग टेस्ट, आणि 7 फेब्रुवारी 2022 पासून पहिल्यांदा सीडीएल काढणाऱ्याला नोंदणीकृत संस्थेतूनच ट्रेनिंग. इंग्रजी बोलता-वाचता येणं हीसुद्धा अट आहे आणि 2025 पासून रस्त्यावरच्या तपासणीत त्यावरून गाडी थांबवतात, हे हलक्यात घेऊ नका.

स्वतःच्या अथॉरिटीवर चालवायचं असेल तर एफएमसीएसएकडे (ट्रक वाहतुकीवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था) अर्ज करायचा. युएसडॉट नंबर, म्हणजे वाहतूकदाराचा सरकारी ओळख क्रमांक, फुकट मिळतो, ऑपरेटिंग अथॉरिटीला 300 डॉलर लागतात आणि अर्ज फसला तरी ते परत मिळत नाहीत. मग विमा कंपनी तुमच्या वतीने कव्हर फाइल करते, साध्या मालाला किमान साडेसात लाख डॉलर, पण बरेच ब्रोकर (माल मिळवून देणारे दलाल) दहा लाखाचं असल्याशिवाय लोडच देत नाहीत. बीओसी-3 म्हणजे प्रत्येक राज्यात तुमच्या वतीने कोर्टाचे कागद घेणारा एजंट, तोही फाइल करावा लागतो. पुढे युसीआर (वाहतूकदारांची वार्षिक नोंदणी), आयआरपीची (अनेक राज्यांत चालणारी) प्लेट, दर तिमाहीला इंधन कराचं आयएफटीए रिटर्न, आणि 55,000 पाउंड किंवा त्याहून जड गाडीला रस्ता वापराच्या कराचा फॉर्म 2290. त्याचा कर वर्षाला जास्तीत जास्त 550 डॉलर आहे, पण शिक्का मारलेलं शेड्यूल 1 (त्या फॉर्मसोबतची कर भरल्याची पावती) हातात नसेल तर प्लेटचं काम अडतं. आणि हो, डॉट नंबर मिळाल्याबरोबर सरकारी वाटणारी पत्रं आणि फोन यायला लागतात "इतके पैसे भरा नाहीतर नंबर बंद", त्यातले बहुतेक खाजगी एजंट असतात, तुमची माहिती सार्वजनिक असते तिथून उचलतात.

दुसरा रस्ता म्हणजे आपला ट्रक एखाद्या कॅरियरला (वाहतूक कंपनीला) लीजवर देऊन त्यांच्या अथॉरिटीवर चालवणं. इथे फेडरल नियमांचा भाग 376 लागतो आणि तो तुमच्या बाजूचा आहे, वाचाच. लीज लेखी हवं, त्याची एक प्रत ट्रकमध्ये हवी, कापले जाणारे सगळे खर्च त्यात लिहिलेले हवेत, आणि ट्रिपचे कागद दिल्यापासून 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. डिझेल किंवा विमा आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती कॅरियरला करता येत नाही. पण ट्रकही कॅरियरचाच, लोडही कॅरियरचाच आणि हप्ता तुमच्या सेटलमेंटमधून (मिळणाऱ्या कमाईतून) कापलेला, अशा लीज-परचेसपासून (हप्ते भरून शेवटी ट्रक आपला होईल अशा लीजपासून) मी तरी लांबच राहीन, कारण लोड कमी दिले की हप्ता थकतो आणि मग ट्रकही जातो.

मेंटेनन्स कोणाकडे हे लीजमध्ये शब्दाशब्दाने बघा. फुल सर्व्हिस लीजमध्ये ऑइल, ब्रेक, ब्रेकडाउन लीज कंपनी बघते, पण तुम्ही कर्बला घासून फाडलेला टायर सहसा तुमच्या खिशातून. नेट लीजमध्ये सगळंच तुमचं. रस्त्यावर पकडलं तर "गाडी भाड्याची आहे" ही सबब कुठेच चालत नाही. ट्रेलर उचलताना इन्स्पेक्शनचं स्टिकर 12 महिन्यांच्या आतलं आहे का बघा, टायरची खोली गेजने मोजा, पुढच्या स्टीअर टायरला 4/32 इंच आणि बाकीच्यांना 2/32 ही किमान. फिफ्थ व्हील (ट्रेलर जोडायची ट्रॅक्टरवरची प्लेट) लागल्यावर टॉर्च घेऊन खाली वाका, तिचा जबडा किंगपिनच्या (ट्रेलरखालच्या जाड पिनच्या) मागून पूर्ण बंद झालेला दिसला पाहिजे आणि फिफ्थ व्हील व वरची ट्रेलरची प्लेट यांच्यात फट नको. नुसत्या "खट्" आवाजावर निघू नका. आधीचे डेंट, फाटलेलं छत, तुटके दिवे यांचे तारखेसकट फोटो काढून लीज कंपनीला तेव्हाच ईमेल करा.

दुरुस्तीची बिलं किमान वर्षभर जपा. लीज संपलं की दारावरचं कॅरियरचं नाव आणि डॉट नंबर काढायचा, आणि तुमचा एस्क्रो (कॅरियरकडे ठेवलेली अनामत) लीज संपल्यापासून 45 दिवसांच्या आत परत मिळाला पाहिजे, त्यातून काही कापलं असेल तर हिशोब लेखी मागा.