जादूची पुस्तके आणि बागुलबुवा

अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात सीडरव्हिल नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील शाळा मंडळाने २००२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी असा निर्णय घेतला, की ‘हॅरी पॉटर’ मालिकेतील पुस्तके ग्रंथालयाच्या खुल्या कपाटांत ठेवायची नाहीत आणि पालकांची लेखी संमती आणणाऱ्या मुलांनाच ती वाचायला द्यायची. ही पुस्तके चेटूकविद्येकडे ओढतात आणि नियम मोडणाऱ्या मुलांचे कौतुक करून आज्ञाभंग शिकवतात, असे बहुमताचे म्हणणे होते. एका विद्यार्थिनीच्या पालकांनी संघीय न्यायालयात दाद मागितली आणि एप्रिल २००३ मध्ये न्यायालयाने पुस्तके पुन्हा कपाटात ठेवण्याचा आदेश दिला, कारण या पुस्तकांपायी शाळेत एकतरी गैरप्रकार घडल्याचे मंडळाला दाखवता आले नव्हते. हे प्रकरण एकटेदुकटे नव्हते. २००० ते २००९ या दशकात ज्यांवर सर्वाधिक हरकती घेतल्या गेल्या, अशा पुस्तकांची यादी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने केली, तेव्हा तिच्यात पहिले नाव याच मालिकेचे होते.

ही झाली धर्माच्या बाजूने आलेली हरकत. मौजेची गोष्ट अशी, की नेमक्या विरुद्ध टोकाकडूनही तशीच शंका व्यक्त झालेली आहे. निरीश्वरवादाचे कट्टर पुरस्कर्ते आणि उत्क्रांतिवैज्ञानिक रिचर्ड डॉकिन्स यांनी जून २०१४ मध्ये चेल्टनहॅम येथील विज्ञान महोत्सवात बोलताना असा प्रश्न उपस्थित केला, की बेडकाचा राजपुत्र होतो असल्या गोष्टी मुलांना सांगून आपण त्यांच्या मनात अलौकिकावरचा विश्वास तर रुजवत नाही ना. त्यावर गदारोळ झाल्यानंतर आपला परीकथांना सरसकट विरोध नसल्याचा खुलासाही त्यांनी केला. एका पक्षाला भीती अशी, की मूल देवाला सोडून चेटकाच्या नादी लागेल. दुसऱ्याला भीती अशी, की ते विज्ञान सोडून चमत्काराच्या नादी लागेल. दोघांचेही गृहीतक मात्र एकच आहे, ते म्हणजे गोष्टीतले खोटे आणि जगातले खरे यांतला फरक लहान मुलाला कळत नाही. हे गृहीतक प्रयोगाने तपासता येते, आणि गेली चार दशके मानसशास्त्रज्ञ ते तपासत आलेले आहेत.

हेन्री वेलमन आणि डेव्हिड एस्टेस यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी साधा होता. एका मुलाजवळ बिस्किट आहे आणि दुसरा मुलगा बिस्किटाचा नुसता विचार करतो आहे. तर यांपैकी कोणते बिस्किट हाताला लागेल, कोणते दुसऱ्यालाही दिसेल, असे त्यांनी बालकांना विचारले. तीन वर्षांच्या मुलांनीही बहुतांशी बरोबर उत्तरे दिली. पुढे अँड्र्यू श्टुलमन आणि सुझन कॅरी यांनी २००७ मध्ये चार, सहा आणि आठ वर्षांच्या मुलांना निरनिराळ्या घटना सांगून त्या खऱ्या जगात घडू शकतील का, असे विचारले, तेव्हा तर अपेक्षेच्या उलटच चित्र दिसले. अशक्य गोष्टींना मुलांनी ‘नाही’ म्हटलेच, पण पलंगाखाली मगर सापडणे यांसारख्या केवळ विरळा, तरीही तत्त्वतः शक्य असलेल्या घटनाही लहानग्यांनी अशक्य ठरवल्या. म्हणजे चार वर्षांचे मूल भाबडे असते, या आपल्या समजुतीत तथ्य कमी आहे. आपल्या अनुभवात न बसणाऱ्या गोष्टीच्या बाबतीत ते मोठ्यांपेक्षाही अधिक अश्रद्ध असू शकते.

मग रात्री त्याला भीती का वाटते? पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये या प्रश्नाचा चांगला माग काढला. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी दोन रिकाम्या पेट्या दाखवल्या, आत काही नाही याची खात्री करून दिली आणि एका पेटीत प्राणी आहे अशी कल्पना करायला सांगितले. काहींच्या पेटीत ससा होता, काहींच्या पेटीत राक्षस. हे सगळे खोटे-खोटे आहे, असे मुले स्वच्छपणे म्हणाली. त्यानंतर प्रयोगकर्त्याने काही निमित्त काढून खोलीबाहेर जाण्याचे ठरवले, तेव्हा राक्षसाची कल्पना केलेली काही चिमुरडी त्याला जाऊच देईनात, आणि जी मुले एकटी राहिली ती दुसऱ्या पेटीपेक्षा त्या काल्पनिक प्राण्याच्या पेटीकडेच अधिक वळली. आत खरोखर काही आले असेल का, असे आपल्याला वाटून गेल्याचे अनेकांनी नंतर कबूल केले. याला वास्तवाचे भान नसणे म्हणता येणार नाही, कारण भुताचा चित्रपट पाहून आल्यावर अंधारात पाण्याचा तांब्या आणायला जाणाऱ्या प्रौढाची अवस्था याहून वेगळी नसते. मनात रंगवलेले चित्र भावना जागी करते आणि ती भावना क्षणभर बुद्धीवर मात करते. घाबरट मुलाला झोपण्यापूर्वी भयानक गोष्ट न सांगणे शहाणपणाचे आहे, हे यावरून निघते; जादूच्या गोष्टीने मूल जादूवर विश्वास ठेवू लागते, हे मात्र निघत नाही.

तो विश्वास कशाने बसतो, हे जॅकलिन वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ मधील एका प्रयोगातून फार सुरेख दिसते. हॅलोविनच्या सणाला अमेरिकेत मुले घरोघरी हिंडून गोळ्या-चॉकलेटे गोळा करतात. हा मुहूर्त साधून संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांसाठी एक नवी चेटकीण निर्माण केली, जिचे नाव त्यापूर्वी कोणाच्याही पुस्तकात नव्हते. हिला गोड खाऊ फार आवडतो, आणि मुलांनी आपला खाऊ ठेवला तर रात्री ती तो घेऊन त्याजागी खेळणे ठेवून जाते, असे सर्व मुलांना सांगण्यात आले. त्यांपैकी निम्म्यांच्या घरी ती ‘येऊनही’ गेली, म्हणजे पालकांनीच रात्री खाऊ काढून घेऊन खेळणे ठेवले. बरीच मुले तिला खरी मानू लागली. विशेष म्हणजे, थोड्या मोठ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी ती येऊन गेली होती, त्यांचा विश्वास अधिक पक्का होता, आणि वर्षभरानंतर विचारले तेव्हाही तो फारसा ओसरलेला नव्हता. मोठी मुले अधिक बुद्धिमान, म्हणून अधिक संशयी असावीत अशी आपली अपेक्षा असते. परंतु पुराव्याला महत्त्व देणे मोठ्या मुलालाच जमते आणि येथे पुरावाच बनावट होता. शिक्षक सांगतात, आईवडील दुजोरा देतात आणि सकाळी खेळणे प्रत्यक्ष उशाशी असते, एवढी साक्ष मिळाल्यावर विश्वास ठेवणे हे अविचाराचे नव्हे, तर विचाराचेच लक्षण आहे.

येथे आपल्या घरातला बागुलबुवा आठवल्याशिवाय राहत नाही. तो कुठल्या पुस्तकातून आलेला नाही. जेवत नसलेल्या मुलाला मोठ्या माणसांनी गंभीर चेहऱ्याने दिलेला तो दाखला आहे. आपल्या भाषेतही हा भेद शब्दांनीच नोंदवून ठेवलेला आहे. ‘जादू’ म्हटले की मराठी मुलाला पोतडीतून कबूतर काढणारा जादूगार किंवा गोष्टीतली उडती सतरंजी आठवते. ‘करणी’, ‘भानामती’, ‘चेटूक’ हे शब्द मात्र त्याच्या कानावर पडतात ते मोठ्यांच्या दबक्या आवाजातल्या बोलण्यातून. महाराष्ट्रात २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा पाहिला तर त्याचाही रोख दाव्यावर आहे: अंगात अलौकिक शक्ती असल्याचे सांगून फसवणे, कोणावर करणी केल्याचा आरोप ठेवून त्याला छळणे, असे प्रकार त्याने गुन्हा ठरवले. गोष्ट असा दावा करीत नाही. ‘एक आटपाट नगर होते’ या पहिल्याच वाक्यात ती आपण गोष्ट असल्याचे सांगून मोकळी होते. कॅथलीन कॉरिव्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, जादू असलेल्या गोष्टीतला नायक काल्पनिक आहे की खरा, याचे उत्तर पाच-सहा वर्षांची मुले कोणत्या घरात वाढली यावर बदलत असल्याचे दिसले. धार्मिक शिक्षण मिळालेल्या मुलांपेक्षा ते न मिळालेली मुले अशा नायकाला अधिक सहजपणे काल्पनिक म्हणत होती. गोष्ट दोघांना एकच ऐकवली होती.

इथवर वाचून जादूकथांचे समर्थक खूश झाले असतील, पण त्यांच्यासाठी याच पुराव्यात एक अडचण दडलेली आहे. गोष्ट आणि जग यांच्यामध्ये मुलाच्या मनात भिंत असेल, तर ती फक्त वाईट गोष्टींनाच अडवील असे कसे होईल? रिबेका रिचर्ट यांनी २००९ मध्ये नेमके हेच तपासले. एखादी अडचण सोडवण्याची युक्ती मुलांनी गोष्टीतून ऐकली आणि मग तशीच अडचण त्यांच्यापुढे प्रत्यक्ष ठेवली, तर गोष्टीतली पात्रे साधी माणसे असताना मुले ती युक्ती अधिक वेळा वापरीत. पात्रे अद्भुत असली की ती युक्ती गोष्टीतच राहून जाई. टोरांटो विद्यापीठातील पॅट्रिशिया गानिया यांच्या गटाला प्राणिकथांबाबत असेच आढळले. आपला खाऊ दुसऱ्याला द्यावा, हे सांगणारी एकच गोष्ट काही मुलांना माणसांची चित्रे असलेल्या पुस्तकातून आणि काहींना कपडे घालून माणसांसारख्या वागणाऱ्या प्राण्यांच्या पुस्तकातून वाचून दाखवली, तेव्हा माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर अधिक उदारपणे वाटले, प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांनी वाटले नाहीत. याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात, बोलणाऱ्या प्राण्यांच्या पुस्तकातून मुलांना त्या प्राण्यांची खरी माहिती कमी मिळाली. पंचतंत्रापासून चालत आलेल्या आपल्या बोधकथांच्या परंपरेला हे निष्कर्ष काहीसे खट्टू करणारे आहेत, पण ते नजरेआड करून चालणार नाही.

भिंतीला दार असते, आणि बहुधा ते उघडणारे हात मोठ्यांचेच असतात. इटलीतील लोरिस वेत्साली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास ‘हॅरी पॉटर वाचल्याने पूर्वग्रह कमी होतात’ अशा मथळ्यांखाली जगभर गाजला. प्रत्यक्षात त्यांच्या पहिल्या प्रयोगात पाचवीतील अवघी ३४ मुले होती आणि ती पुस्तक एकटी वाचत बसली नव्हती. सहा आठवडे छोट्या गटांत निवडक उतारे वाचून संशोधकांबरोबर त्यांवर चर्चा होत असे. जादूगार नसलेल्या आईबापांच्या पोटी जन्मल्याबद्दल एखाद्याला हिणवले जाते, अशा धर्तीचे उतारे एका गटाला दिले होते आणि पूर्वग्रहाशी संबंध नसलेले उतारे दुसऱ्याला. स्थलांतरितांविषयीची मते पहिल्या गटात सुधारली, तीही हॅरीशी तादात्म्य पावलेल्या मुलांचीच. एवढ्या लहान गटावरून फार मोठे दावे करू नयेत. तरीही येथे बदल घडवला तो पुस्तक आणि संभाषण या दोहोंनी मिळून, असेच मला वाटते. चेटकिणीच्या प्रयोगात मोठ्या माणसांनी जे काम खोट्यासाठी केले, तेच काम येथे त्यांनी अर्थासाठी केले.

कोणाच्या मदतीवाचून भिंत ओलांडते अशी एक गोष्ट म्हणजे लक्ष. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एमी स्टाल आणि लिसा फायगेनसन यांनी २०१५ मध्ये अकरा महिन्यांच्या बाळांना असे दृश्य दाखवले, की एखादी वस्तू जणू भिंतीतून आरपार जाते किंवा आधाराविना हवेत तरंगते. अशी वस्तू हाती दिल्यावर बाळांनी तिच्यावर चक्क तपासणी सुरू केली: भिंतीतून गेलेली वस्तू ती आपटून पाहत, तरंगलेली वस्तू खाली टाकून पाहत. नियम मोडलेला दिसला, की मन जागे होते. डिना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाचा धागा येथेच जुळतो. अल्प उत्पन्न गटातील बालवाडीच्या मुलांना त्यांनी काही पुस्तके वाचून दाखवली व त्या अनुषंगाने खेळवले, तेव्हा ड्रॅगनसारख्या अद्भुत विषयाच्या पुस्तकांतले नवे शब्द मुलांना स्वतःच्या भाषेत अधिक चांगले समजावून सांगता आले. शेतीसारख्या नेहमीच्या विषयातले तितके नाही. लँकेस्टर विद्यापीठात यूजीन सुबोत्स्की यांनी ५२ मुलांवर केलेल्या प्रयोगात जादूची दृश्ये पाहिलेल्या मुलांची कल्पकता चाचणीत सरस ठरली, आणि त्यांचा जादूवरचा विश्वास मात्र वाढला नाही. तो प्रयोग चित्रफितींचा होता, पुस्तकांचा नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पडद्यावरचे अद्भुत वेगळे असते; नऊ मिनिटे वेगवान अद्भुत कार्टून पाहिल्यानंतर चार वर्षांच्या मुलांना मन आवरणे व लक्ष टिकवणे जड गेल्याचे अँजेलिन लिलार्ड यांना २०११ मध्ये आढळले होते. पुस्तकाचा वेग निदान वाचणाऱ्याच्या हातात असतो.

राहता राहिले शरीर. ऑक्सफर्डमधील जॉन रॅडक्लिफ रुग्णालयातील डॉक्टरांनी २००५ च्या डिसेंबरमध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात थोड्या गमतीने एक नोंद प्रसिद्ध केली. सात ते पंधरा वर्षांची सरासरी ६७ मुले एरवीच्या शनिवार-रविवारी हाडामांसाच्या दुखापती घेऊन त्यांच्याकडे येत. हॅरी पॉटरचा नवा भाग २००३ आणि २००५ मध्ये ज्या शनिवार-रविवारी विक्रीला आला, तेव्हा ती संख्या ३६ आणि ३७ होती. झाडावर चढणारी मुले घरात वाचत बसली होती, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या पारड्यात टाकण्यासाठी एका अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले पत्र आहे: आठ ते दहा वर्षांची तीन मुले एकापाठोपाठ एक डोकेदुखीची तक्रार घेऊन त्याच्याकडे आली, आणि तिघेही त्या मालिकेचा ८७० पानांचा पाचवा भाग अनेक दिवस सलग वाचत असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. वाचनाला थोडी विश्रांती द्यावी, हा उपाय त्यांतल्या दोघांनी साफ नाकारला आणि वेदनाशामक गोळी पत्करली.