संपूर्ण जनुकसंच क्रमनिर्धारण : रोगनिदानातील उपयोग

रुग्णाच्या डीएनएमधील जवळजवळ सर्व आधारकांचा (डीएनएची ‘अक्षरे’ असलेल्या रासायनिक घटकांचा) क्रम एकाच चाचणीत वाचून त्याच्या आजाराचे जनुकीय कारण शोधण्याच्या पद्धतीस संपूर्ण जनुकसंच क्रमनिर्धारण म्हणतात. रुग्णालयांत ती होल जीनोम सिक्वेन्सिंग या नावाने ओळखली जाते. मानवी जनुकसंचात सुमारे ३ अब्ज आधारक-जोड्या असून प्रथिनांची माहिती सांकेतिक रूपात साठवणारा भाग त्यात जेमतेम १ ते २ टक्के असतो. तेवढाच भाग वाचणारी एक्झोम चाचणी तुलनेने स्वस्त असल्यामुळे अनेक ठिकाणी आधी तीच केली जाते.

नमुना बहुधा रक्ताचा असतो. त्यातील डीएनएचे लहान तुकडे यंत्रावर वाचून संगणकाच्या साहाय्याने ते संदर्भ जनुकसंचाशी, म्हणजे तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या जनुकसंचाशी, जुळवले जातात. जन्मजात बदल शोधताना प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली जाणे अपेक्षित असते. या जुळणीतून एका व्यक्तीत संदर्भापेक्षा वेगळ्या अशा ४० ते ५० लाख जागा सापडतात आणि त्यांपैकी बहुतेक सर्व निरुपद्रवी असतात. लोकसंख्येत सर्रास आढळणारे बदल प्रथम वगळले जातात. आईवडिलांचेही नमुने उपलब्ध असल्यास मुलात नव्याने उद्भवलेला बदल ओळखता येतो. उरलेल्या बदलांचा रुग्णाच्या लक्षणांशी मेळ घातला जातो. म्हणूनच तपासणी करणाऱ्या डॉक्टरने लक्षणांची नोंद त्रोटक केली असेल, तर उत्तम यंत्राचाही फारसा उपयोग होत नाही. २०१५ साली अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी आखलेल्या निकषांनुसार बदलांचे निश्चित रोगकारक ते निश्चित निरुपद्रवी असे पाच वर्ग केले जातात. त्यांतील मधला, म्हणजे अनिश्चित अर्थाच्या बदलांचा वर्ग सर्वांत त्रासदायक आहे, कारण केवळ अशा बदलाच्या आधारे उपचार ठरवणे योग्य नसते. संदर्भासाठी वापरल्या जाणाऱ्या माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचे प्रमाण जास्त असल्याने इतर समूहांतील रुग्णांच्या वाट्याला ही अनिश्चितता अधिक येते.

अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जेम्स लुप्स्की यांना शार्को-मारी-टूथ हा चेताविकार होता. २०१० साली त्यांच्याच जनुकसंचाच्या वाचनातून एसएच३टीसी२ या जनुकाच्या दोन्ही प्रतींतील दोष उघड झाला. इंग्लंडमधील एक लाख जनुकसंच प्रकल्पाच्या प्राथमिक टप्प्यात दुर्मिळ आजारांच्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांचे निदान झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले; इतर तपासण्या करूनही निदान न झालेल्या रुग्णांचा विचार करता हे प्रमाण लहान नाही. प्रथिन न बनवणाऱ्या आरएनयू४-२ या जनुकातील बदलांमुळे बौद्धिक विकास खुंटतो, हे २०२४ साली प्रामुख्याने अशाच संपूर्ण वाचनांतून कळले. एक्झोम चाचणीत हे जनुक सहसा वाचलेच जात नाही.

अतिदक्षता विभागातील नवजात बालकांच्या बाबतीत वेळ निर्णायक ठरतो. पायरिडॉक्सिनने (ब-६ जीवनसत्त्वाने) आटोक्यात येणारे झटके किंवा विशिष्ट आहाराला प्रतिसाद देणारा ग्लुकोज वाहतुकीचा दोष लवकर कळल्यास उपचारांची दिशाच बदलते. २०२२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने एका रुग्णाचे क्रमनिर्धारण ५ तास २ मिनिटांत पूर्ण केले होते, मात्र नेहमीच्या सेवेत अहवालाला कित्येक दिवस किंवा आठवडे लागतात.

चाचणीत काही न आढळल्यास जनुकीय आजार नाही, असा अर्थ होत नाही. लांब पुनरावृत्ती असलेले भाग, जवळजवळ एकसारख्या प्रती असलेली जनुके आणि शरीरातील मोजक्याच पेशींत असलेले बदल लहान तुकड्यांच्या वाचनातून निसटू शकतात. उलटपक्षी, मूळ तक्रारीशी संबंध नसलेला बीआरसीए१ सारख्या जनुकातील कर्करोगाचा धोकाही समोर येऊ शकतो. अशी माहिती हवी की नको, हे रुग्णाला समुपदेशनाच्या वेळी, नमुना घेण्यापूर्वीच विचारावे लागते, कारण तिचा संबंध त्याच्या भावंडांशी आणि मुलांशीही असतो. एकदा वाचलेली माहिती साठवून ठेवता येत असल्याने नवी जनुके ज्ञात झाल्यावर तिचे पुनर्विश्लेषण केले जाते आणि पूर्वी अनुत्तरित राहिलेल्या काही रुग्णांचे निदान नव्या नमुन्याशिवायच होते.