चेसापीकच्या पाण्यात स्वतःची शिडाची बोट: पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रे

ग्रीन कार्डावर किंवा एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेत शिडाची बोट स्वतःच्या नावावर घेता येते का? येते. गोंधळ होतो तो नोंदणीचे दोन मार्ग असल्यामुळे. एक राज्य सरकारचा, दुसरा केंद्राचा म्हणजे कोस्ट गार्डचा. नागरिकत्वाची अट फक्त दुसऱ्याला आहे. ही माहिती चेसापीक उपसागरापुरती आहे, कारण मेरीलँड आणि उत्तर व्हर्जिनियातल्या मराठी घरांना हेच पाणी जवळचं. सुमारे ३२० किलोमीटर लांबीचा हा उपसागर सरासरी साडेसहा मीटरसुद्धा खोल नाही. सेव्हर्न, चॉपटँक, पटक्सेंट, पोटोमॅक अशा नद्यांच्या मुखातून आत शिरून रात्री नांगर टाकायचा, हीच इथली खरी मजा.

राज्याची नोंदणी

बोट कुठल्या राज्यात नोंदवायची हे तुमच्या घरच्या पत्त्यावरून ठरत नाही. वर्षातला जास्तीत जास्त काळ ती ज्या राज्याच्या पाण्यात वापरली जाते, ते तिचं राज्य. घर फेअरफॅक्सला आणि बोट वर्षभर ॲनापोलिसला असेल तर नोंदणी मेरीलँडची आणि करही मेरीलँडचा. हे खरेदीच्या आधीच लक्षात घ्या, कारण दोन्हीकडच्या करात मोठा फरक आहे. मेरीलँड खरेदी किमतीवर ५ टक्के अबकारी कर घेतं. व्हर्जिनियात तो २ टक्के आहे आणि २,००० डॉलरच्या वर जात नाही.

मेरीलँडमध्ये हे काम नैसर्गिक संसाधन विभाग, म्हणजे डीएनआर, बघतो. बोटीला कुठलंही इंजिन असेल, अगदी धक्क्याला लागण्यापुरतं छोटं असलं तरी, नोंदणी लागते. नुसत्या शिडावर चालणाऱ्या बोटीला लागत नाही. अर्ज बी-२४० या फॉर्मवर करायचा. सोबत विक्रेत्याने सही करून दिलेलं जुनं टायटल, म्हणजे मालकीचं प्रमाणपत्र, आणि किंमत व तारीख स्पष्ट लिहिलेलं विक्रीपत्र जोडायचं. १९७२च्या नोव्हेंबरनंतर बांधलेल्या बोटीवर मागच्या बाजूला, उजव्या अंगाला, बारा अक्षर-अंकांचा हल क्रमांक, म्हणजे त्या बोटीचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. पैसे देण्यापूर्वी तो क्रमांक स्वतः वाचा आणि कागदांशी अक्षरन् अक्षर जुळवा. तो जुळला नाही तर अर्ज अडकतो, आणि तोवर विक्रेता फोन उचलेलच असं नाही. नोंदणी झाली की एमडी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या भागाच्या, दोन्ही बाजूंना, किमान ३ इंच उंचीच्या ठळक अक्षरांत लावायचा.

व्हर्जिनियात वन्यजीव संसाधन विभागाकडे जावं लागतं. १८ फुटांपेक्षा लांब शिडाच्या बोटीला तिथे इंजिन नसलं तरी टायटल घ्यावंच लागतं. नोंदणी तीन वर्षांची मिळते.

कोस्ट गार्डची नोंदणी

याला डॉक्युमेंटेशन म्हणतात. बोट किमान ५ नेट टनांची हवी. हा टन वजनाचा नसून आतल्या जागेच्या मापाचा असतो. साधारणपणे २५ फुटांपेक्षा लांब बोट त्यात बसते. मालक अमेरिकेचा नागरिक हवा, जन्माने किंवा नागरिकत्व घेऊन. मालकी संयुक्त असेल तर सगळेच नागरिक हवेत. नवऱ्याने नागरिकत्व घेतलंय आणि बायको अजून ग्रीन कार्डावर आहे, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ. अशा वेळी दोघांच्या नावावर डॉक्युमेंटेशन होत नाही. त्यासाठी बायकोचं नाव वगळण्यापेक्षा राज्याचं टायटल दोघांच्या नावावर घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. उपसागरातल्या भटकंतीला तेवढं पुरतं.

पात्र असाल तर सीजी-१२५८ हा अर्ज, जुन्या बोटीसाठी सीजी-१३४० हे विक्रीपत्र आणि पहिल्या प्रमाणपत्राचे १३३ डॉलर लागतात. विक्रीपत्राच्या नोंदीला पानामागे ८ डॉलर वेगळे. पुढे वर्षाला २६ डॉलर भरून नूतनीकरण करायचं. खाजगी बोटीला ते एकदम पाच वर्षांपर्यंतचं करता येतं. नूतनीकरणाच्या सुमारास सरकारी वाटावीत अशी खाजगी कंपन्यांची पत्रं येतात आणि त्यात कितीतरी जास्त पैसे मागितलेले असतात. ती बाजूला ठेवा. खरं कार्यालय वेस्ट व्हर्जिनियातल्या फॉलिंग वॉटर्सला आहे आणि अर्ज थेट त्यांच्याकडेच करता येतो. मेरीलँडमध्ये डॉक्युमेंटेड बोटीलाही अबकारी कर चुकत नाही, शिवाय राज्याचा वेगळा स्टिकर लावावा लागतो.

जुनी बोट आधीच डॉक्युमेंटेड असेल तर जास्त सावध राहा. तिचा ॲबस्ट्रॅक्ट ऑफ टायटल, म्हणजे मालकीच्या नोंदींचा उतारा, कोस्ट गार्डकडून मागवा. बोटीवर कर्जाचा बोजा नोंदलेला असेल तर त्यात दिसतो. तुम्ही नागरिक नसाल तर विक्रेत्याकडून डॉक्युमेंटेशन रद्द करून घ्या आणि तसं पत्र हातात आल्यावरच राज्याकडे टायटलचा अर्ज करा.

सुकाणू कोणाच्या हाती?

मेरीलँडमध्ये १ जुलै १९७२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला नोंदणीकृत बोट चालवताना सुरक्षा अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र जवळ ठेवावं लागतं. भारतातून आलेले आई-बाबा त्याआधी जन्मलेले असतील तर त्यांना हा नियम लागत नाही. व्हर्जिनियात मात्र १० किंवा अधिक अश्वशक्तीच्या इंजिनाची बोट चालवणाऱ्या प्रत्येकाला, वय काहीही असो, प्रमाणपत्र लागतं. पोटोमॅक नदी व्हर्जिनियाच्या काठापर्यंत मेरीलँडची आहे, त्यामुळे तिथे मेरीलँडचा कायदा.

मित्रमंडळींनी डिझेल आणि जेवणाचा खर्च आपखुशीने वाटून घेतला तर चालतं. फेरीचे पैसे घेतले की ती व्यावसायिक वाहतूक झाली. तिला परवाना वेगळा लागतो, आणि व्हिसावर असलेल्याने त्या वाटेला जाऊच नये.

प्रत्येक माणसामागे अंगावर घालायचं एक लाइफ जॅकेट हवंच. मेरीलँडमध्ये २१ फुटांपेक्षा लहान बोटीवर १३ वर्षांखालच्या मुलांनी ते चालत्या बोटीत घातलेलंच असलं पाहिजे. फ्लेअरची (संकटात पेटवायच्या इशारा-मशालीची) आणि अग्निशामकाची मुदत तपासा. एकदाच वापरायचा अग्निशामक त्यावर छापलेल्या सालापासून १२ वर्षांनी बाद होतो. शौचालयाची टाकी उपसागरात रिकामी करणं पूर्ण बेकायदा आहे. किनाऱ्यावरच्या पंपआउट केंद्रातच ती रिकामी करा. याच पाण्यातले खेकडे आणि कालवं आपण खातो.

कोस्ट गार्ड ऑक्झिलरीचे स्वयंसेवक बोट मोफत तपासून देतात. काही कमी असेल तर ते सांगतात, दंड करत नाहीत. हंगामाच्या सुरुवातीलाच त्यांना बोलवा.