रस्त्यावरच्या दोन नळ्या नक्की काय मोजतात?

दरीतल्या रस्त्यावर दोन काळ्या रबरी नळ्या आडव्या ठोकलेल्या दिसल्या, की समजावं, स्थानिक प्रशासनाची वाहनगणना चालू आहे. नळीचं एक टोक बंद असतं आणि दुसरं कडेच्या खांबाला साखळीनं जखडलेल्या पेटीत जातं. चाक गेलं की आतली हवा दाबली जाते, तो झटका पेटीतल्या सेन्सरपर्यंत पोचतो आणि वेळ नोंदली जाते. पेटीचं काम एवढंच. गाडी कोणती, कुठल्या दिशेची, किती वेगाची, हे सगळं त्या वेळांवरून नंतर काढतात.

नळी एकच असेल, तर अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणारे आस, मोजून दोननं भागतात. पाच अ‍ॅक्सलचा ट्रक मग अडीच गाड्या ठरतो. दोन नळ्या असल्या, की आधी कोणती दाबली यावरून दिशा कळते, दोन झटक्यांमधल्या वेळेवरून वेग आणि वेगावरून अ‍ॅक्सलमधलं अंतर, म्हणजे गाडीचा प्रकार.

चुका होतात त्या नळ्या बसवतानाच. नळ्यांमध्ये १ मीटर अंतर असेल, तर ताशी ६० किलोमीटरची गाडी ते ०.०६ सेकंदात ओलांडते. नळी सैल पडून अंतर ९५ सेंटीमीटर झालं, तर तीच गाडी ६३ची दिसते. लांबीतला फरक याहून वाईट. झटका नळीतून साधारण ध्वनीच्या वेगानं जातो, सेकंदाला सुमारे ३४० मीटर. एक नळी ३ मीटर जास्त लांब असेल, तर तिचा झटका जवळपास ०.००९ सेकंद उशिरा पोचतो. मग ६०च्याच वेगानं जाणाऱ्या गाड्या एका दिशेला ५२च्या आणि दुसऱ्या दिशेला ७०च्या आसपास दिसतात. उतारावर लोक गाड्या सुसाट सोडतात, असा निष्कर्ष कुणी त्यावरून काढला, तर दोष नळ्या कापणाऱ्या कात्रीचा!

जागाही सरळ, सपाट हवी. वळणावर चाकं नळी तिरकी ओलांडतात, फाट्याजवळ गाड्या रेंगाळतात आणि फार हळू गेलेल्या चाकाचा झटका क्षीण असतो. कुणी नळीवरच गाडी लावली, तर दाबलेल्या जागेपलीकडचे झटके पेटीपर्यंत येतच नाहीत. सायकली निसटतात, हे तर गृहीतच धरावं.

पुढे वाट नसलेल्या दरीत एक फुकटची तपासणी मिळते. वर गेलेली गाडी खाली येणारच. आठवड्यात वर २१०० आणि खाली १७०० असा आकडा आला, तर गाड्या हरवलेल्या नाहीत. नळीला भोक पडलं आहे किंवा टोकाची गाठ सुटली आहे.

कमी वर्दळीच्या रस्त्यावर एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. सरासरी ४०० असली, तरी निव्वळ योगायोगानं आकडा वीसेकनं वर-खाली होतो, कारण ४००चं वर्गमूळ २०. यंदा ४३० मिळाले, म्हणून वाहतूक वाढली असं म्हणता येत नाही. शिवाय वार आणि हंगामाचा फरक असतो तो वेगळाच. म्हणून निदान सलग ७ दिवस मोजतात, सुट्ट्या टाळतात आणि बारमाही मोजणी असलेल्या तशाच रस्त्यावरून हंगामी गुणक घेऊन वार्षिक सरासरी दैनिक वाहतूक काढतात.

रस्ता किती टिकेल हे गाड्यांच्या संख्येपेक्षा अवजड अ‍ॅक्सल ठरवतात. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या आशो (राज्य महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना) रस्ता-चाचणीतून ढोबळ नियम निघाला, की नुकसान अ‍ॅक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घातानं वाढतं. १० टनांचा एक अ‍ॅक्सल १ टनाच्या १०,००० अ‍ॅक्सलइतका रस्ता झिजवतो. मोजणीत शंभर मोटारी चुकल्या तर बिघडत नाही. दहा ट्रक चुकले तर डांबराची जाडीच चुकते.

नळीला एक गोष्ट मात्र कळत नाही: गाडी दरीतल्या घरी चालली आहे की आडवाट म्हणून पलीकडे. दरीच्या दोन्ही टोकांना पेट्या लावल्या तरी आकडे जुळतात, गाड्या नाहीत. त्यासाठी नंबरप्लेट वाचणारे कॅमेरेच लागतात.