स्नायपिंग : ऑनलाइन लिलावातील अखेरच्या क्षणाची बोली

स्नायपिंग म्हणजे ठरलेल्या वेळी संपणाऱ्या ऑनलाइन लिलावात शेवटच्या काही सेकंदांपर्यंत गप्प राहून, मग एकदाच आणि आपल्या मनातली पूर्ण रक्कम टाकून बोली लावण्याची पद्धत. ही बोली हाताने लावता येते, पण बहुधा ती त्यासाठीच तयार केलेल्या साधनाकडून लावली जाते. वस्तूचा क्रमांक, जास्तीत जास्त किती द्यायचे ती रक्कम आणि लिलाव संपायच्या किती सेकंद आधी बोली जावी, एवढे एकदा भरून ठेवले की पुढचे काम ते साधन करते. या पद्धतीचे माहेरघर म्हणजे १९९५ साली अमेरिकेत पिअर ओमिडयार यांनी सुरू केलेले ईबे हे संकेतस्थळ. तिथे प्रत्येक लिलावाची अखेरची वेळ सेकंदासह आधीच जाहीर असते आणि शेवटच्या क्षणी बोली आली तरी ती पुढे सरकत नाही. स्नायपिंगचा सगळा पसारा या एका नियमावर उभा आहे. तो नियम नजरेआड केला तर ही पद्धत नुसती चलाखी वाटते.

आपल्याकडच्या लिलावाशी ताडून पाहिले की फरक चटकन कळतो. गावातल्या लिलावात पुकारणारा ‘एक वार, दोन वार’ म्हणतो आणि ‘तीन वार’ म्हणायच्या आत कुणी बोली वाढवली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तिथे अखेरचा क्षण आधी कुणालाच माहीत नसतो. सगळे गप्प झाले की तो येतो. ईबेने पुकारणाऱ्याच्या जागी घड्याळ बसवले आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही. (‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. ‘स्नायपर’चा प्रवास मात्र उलटा आहे. तो अठराव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज सैनिकांच्या बोलण्यात रुजला. ‘स्नाइप’ म्हणजे पाणलावा. चिखलात दिसेनासा होणारा आणि उडताना सारखी दिशा बदलणारा हा पक्षी ज्याला टिपता येई, तो स्नायपर.)

ईबेवरची बोली म्हणजे लगेच द्यायची किंमत नव्हे. बोली लावणारा आपली कमाल रक्कम सांगतो. ती गुप्त राहते आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच, ठरावीक टप्प्यांनी बोली वाढवत जाते. अमेरिकेतील ईबेवर २५ ते १०० डॉलरच्या दरम्यान हा टप्पा १ डॉलरचा आहे. जिंकणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाच्या रकमेपेक्षा फार तर एक टप्पा अधिक, एवढेच द्यावे लागते. दोघांची रक्कम सारखीच निघाली तर आधी आलेली बोली वरचढ ठरते. अशा ‘दुसऱ्या किमतीच्या’ लिलावाचे शास्त्र विल्यम व्हिक्री या अर्थतज्ज्ञांनी १९६१ साली मांडले. त्यांच्या मांडणीत बोली बंद पाकिटात असते आणि अशा लिलावात वस्तूचे आपल्या लेखी जे मोल आहे तेवढेच खरेखरे लिहिणे सर्वांत फायद्याचे ठरते. मग कुणी शेवटच्या सेकंदाची वाट का पाहावी? पहिल्या दिवशीच खरी रक्कम भरून निवांत का बसू नये? ईबेची मदतपानेही वर्षानुवर्षे हाच सल्ला देत आली आहेत. पण ईबेवरचे पाकीट अर्धे उघडे असते. कमाल रक्कम दिसत नसली तरी चालू भाव दिसतो, बोलींची संख्या दिसते आणि कुणीतरी रस घेत आहे हे सगळ्यांना कळते.

एक लिलाव जवळून पाहू. समजा, अमेरिकेतल्या एका विक्रेत्याने तांब्याच्या जुन्या नाण्यांची पुडी विकायला ठेवली आहे. फोटोत पाच-सहा काळवंडलेली नाणी आणि वर्णनात ‘भारतीय, जुनी’ एवढेच. पुण्यातला एक संग्राहक फोटो मोठा करून पाहतो आणि एका नाण्यावर एकाखाली एक ‘श्री’, ‘राजा’, ‘शिव’ ही अक्षरे त्याला ओळखू येतात. शिवराई आहे, आणि तिची ठिपक्यांची कडही बरीच शाबूत. त्याच्या हिशेबाने पुडीचे मोल ८२ डॉलर. पुढे असलेल्या माणसाने गुपचूप ६० डॉलर लावून ठेवले आहेत. आणखी एकाने ३० टाकून पाहिले, म्हणून चालू भाव ३१ दिसतो आहे. हा दुसरा माणूस थोडेथोडे चढवत जाणारा आहे. डिवचला गेला तर तो ७५ पर्यंत जाईल.

पुणेकराने तीन दिवस आधी ८२ भरले तर भाव लगेच ६१ होईल. चढवणारा ते पाहील, ६५ टाकेल, मागे पडेल, ७० टाकेल आणि ७५ वर जाऊन थांबेल. पुडी ७६ डॉलरला पडेल. तीच बोली लिलाव संपायला सहा सेकंद असताना पोहोचली तर ६० वाला मागे पडेल, भाव ६१ होईल आणि चढवणाऱ्याला विचार करायलाही वेळ मिळणार नाही. १५ डॉलर वाचले. आता तिसरी शक्यता. पुढे असलेल्या माणसाने ६० ऐवजी ९० लावून ठेवले असते, तर सहा सेकंद असताना आलेल्या ८२ च्या बोलीने काहीही साधले नसते. भाव ८३ झाला असता आणि नाणी त्यालाच मिळाली असती. साधनाच्या जाहिराती वाचून पुष्कळांचा समज होतो की शेवटी बोलतो तो जिंकतो. तसे नाही. जिंकते ती मोठी रक्कम. उशीर केल्याने वाचतात ते फक्त समोरच्याच्या उत्तराने वाढणारे पैसे.

नाण्याच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात ती सर्वांत महत्त्वाची. जाणकाराची बोली हीच माहिती असते. नाणी, तिकिटे, जुने कॅमेरे, घड्याळे, फाउंटन पेने या क्षेत्रांत मोजके लोक अस्सल काय ते ओळखतात आणि बाकीचे त्यांच्यावर लक्ष ठेवून असतात. अमुक माणसाने बोली लावली म्हणजे माल खरा, असा हिशेब होतो. आपल्या अनेक वर्षांच्या अभ्यासाचे फळ दुसऱ्याच्या हातात पडू नये, असे जाणकाराला वाटणे साहजिक आहे आणि त्यासाठी त्याच्याकडे गप्प राहण्यावाचून दुसरा उपाय नाही. विक्रेत्याच्या बनावट बोलींविरुद्धही हेच कामी येते. काही लबाड विक्रेते दुसऱ्या खात्यावरून आपल्याच मालावर बोली लावून पुढच्या माणसाची कमाल रक्कम चाचपत राहतात. ज्याची बोली अजून आलेलीच नाही, त्याला चाचपणार कसे?

या विषयावरचा पायाभूत अभ्यास आल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स यांचा आहे. तो २००२ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात आला. (रॉथ यांना पुढे २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते वेगळ्या कामासाठी.) त्यांना तुलनेसाठी आयतीच जोडी सापडली होती. त्या काळी अमेझॉनही लिलाव चालवत असे, पण तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की लिलाव आपोआप लांबत असे आणि दहा मिनिटे कुणीच न बोलल्याशिवाय संपत नसे. म्हणजे आपले ‘तीन वार’च. दोन्हीकडे संगणक आणि जुन्या वस्तू यांचे लिलाव त्यांनी तपासले. ईबेवर संगणकांच्या ४० टक्के आणि जुन्या वस्तूंच्या ५९ टक्के लिलावांत अखेरची बोली शेवटच्या पाच मिनिटांत आली होती. अमेझॉनवर हेच प्रमाण दोन्ही प्रकारांत सुमारे ३ टक्के होते. माणसे तशीच, वस्तू तशाच आणि नियम बदलताच वागणे बदलले. जाणकारी लागते त्या जुन्या वस्तूंत उशिराचे प्रमाण संगणकांहून जास्त निघाले, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

फायदा किती होतो, हे मात्र बेताने सांगावे लागते. जेफ्री ईली आणि तनजीम हुसेन यांनी ईबेवर नव्याने आलेल्या डीव्हीडींच्या लिलावांत स्वतः बोली लावून पाहिली. काही ठिकाणी सुरुवातीला, काही ठिकाणी अगदी शेवटी. २००९ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार शेवटी लावलेल्या बोलीत फायदा होता, पण लहान होता. डीव्हीडी ही ठाऊक भावाची वस्तू. तिथे लपवण्यासारखी माहिती फारशी नसते.

साधने दोन प्रकारची आहेत. एक, आपल्याच संगणकावर चालणारी, जसे जेबिडवॉचर हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. इथे आपला संगणक आणि इंटरनेट त्या क्षणी चालू असावे लागतात आणि नेमके तेव्हाच वीज जाणे हा अनुभव आपल्या लोकांना नवा नाही. दुसरा प्रकार म्हणजे सेवा : ईस्नाइप, ऑक्शन स्नायपर, गिक्सेन. यांचे सर्व्हर ईबेच्या घड्याळाशी वेळ जुळवून ठेवतात आणि आपण झोपलेले असताना बोली पाठवतात. भारतातून बोली लावणाऱ्याला याचा खरा आधार वाटतो. अमेरिकेतल्या दुपारी संपणारा लिलाव आपल्याकडे मध्यरात्रीनंतर संपतो, शिवाय तिकडे मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे तासाने सरकतात, आपली सरकत नाहीत. गजर लावून उठलेला माणूस तासभर उशिरा पोहोचतो.

अनुभवी लोकांच्या काही सवयी आहेत. रक्कम गोल आकड्यात न ठेवता ८२ ऐवजी ८२.३७ अशी ठेवतात, म्हणजे ८२ वर अडलेल्या दुसऱ्याला काही सेंटांनी मागे टाकता येते. बोली अगदी एक-दोन सेकंदांवर न ठेवता पाच-सहा सेकंद हाताशी ठेवतात, कारण संदेश पोहोचायला वेळ लागतो आणि उशिरा पोहोचलेली बोली म्हणजे न लावलेली बोली. तेवढ्यात चालू भाव आपल्या कमाल रकमेच्या वर गेला असेल तर ती बोली मुळात स्वीकारलीच जात नाही. काही साधनांत ‘गट’ करता येतो. एकच लेन्स पाच विक्रेत्यांकडे असेल तर पाचही ठिकाणी बोली नोंदवायची आणि एक मिळाली की उरलेल्या आपोआप रद्द. ईबेच्या स्वतःच्या यंत्रणेत हे जमत नाही, त्यामुळे साधन वापरण्याचे मला हेच सर्वांत सबळ कारण वाटते. धोकाही सांगायला हवा. यांतल्या बऱ्याच सेवांना आपल्या खात्याची किल्ली सोपवावी लागते. ज्या पासवर्डामागे बँकेचे कार्डही आहे, तो परक्याच्या हाती देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

हे न्याय्य आहे का, यावर लिलावात भाग घेणाऱ्यांचे कधीच एकमत झाले नाही. आठवडाभर पुढे राहून शेवटच्या चार सेकंदांत वस्तू गमावलेल्या माणसाचा संताप खरा असतो. पण त्याने आपली खरी कमाल रक्कम भरलेली असेल, तर कुणीतरी त्याहून जास्त द्यायला तयार होता, एवढेच घडलेले असते. भरलेली नसेल, तर ती भरण्याची मुभा त्याला पहिल्या दिवसापासून होती. विक्रेत्याची तक्रार अधिक वजनदार आहे, कारण चढाओढीतून मिळाले असते ते पैसे त्याच्या हातून जातात. ईबेने मुख्य संकेतस्थळावर ही पद्धत नियमात बसणारी मानली आहे. जर्मनीतील ईबेच्या अटींनी मात्र स्नायपर प्रोग्रामकडून लावलेल्या बोलींना मनाई केली.

ज्यांना ही पद्धत नको, ते घड्याळ मऊ करतात. न्यूझीलंडच्या ट्रेड मी या संकेतस्थळावर शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की लिलाव दोन मिनिटांनी लांबतो. मुंबईत २००० साली सुरू झालेल्या सॅफ्रनआर्टच्या ऑनलाइन चित्रलिलावांतही मुदतवाढ असते. त्याच साली मुंबईत सुरू झालेली बाजी डॉट कॉम ही लिलावाची साइट २००४ मध्ये ईबेने विकत घेतली आणि २०१८ मध्ये ईबेचे भारतीय संकेतस्थळ बंद झाले. म्हणून आज मराठी माणसाची ऑनलाइन लिलावाशी गाठ पडते ती बहुधा बँकांच्या ई-लिलावात. थकीत कर्जापोटी ताब्यात घेतलेल्या सदनिका-गाळ्यांच्या ज्या नोटिसा वर्तमानपत्रांत छापून येतात, त्यांत बयाणा रकमेच्या खालीच ‘प्रत्येकी ५ मिनिटांच्या अमर्याद मुदतवाढीसह’ असे शब्द असतात. तिथे स्नायपिंगचे साधन निरुपयोगी आहे. दूरसंचार लहरींच्या लिलावात तर आणखी कडक बंदोबस्त असतो. भारताचा २०१० सालचा थ्री-जी लिलाव ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालला. त्यात फेरीमागून फेरी गप्प बसणाऱ्याचा पुढे बोली लावण्याचा हक्कच आटत जाई.

तिसरा मार्ग जुना आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेणबत्तीचा बोटभर तुकडा लावून लिलाव होत आणि ज्योत विझण्यापूर्वीची शेवटची बोली जिंके. नौदलाचे अधिकारी सॅम्युएल पीप्स यांनी ३ सप्टेंबर १६६२ रोजी अशा एका जहाजांच्या लिलावाची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे. एक माणूस दर वेळी अचूक शेवटची बोली लावत होता. पीप्सनी कारण विचारले. ज्योत विझण्याच्या क्षणी धूर खाली उतरतो, त्यावरून वेळ कळते, असे त्याने सांगितले. मेणबत्ती नेमकी कधी विझेल हे कुणाच्या हाती नसणे हाच त्या पद्धतीचा गाभा होता आणि त्यालाही धुरावरून तोड काढणारा निघाला. २०२१ साली पोल्काडॉट या ब्लॉकचेन जाळ्याने आपल्या लिलावांसाठी हीच मेणबत्ती पुन्हा पेटवली. तिथे बोली दिवसेंदिवस येत राहत आणि लिलाव नेमका कोणत्या क्षणी संपला होता, हे सगळे आटोपल्यावर यदृच्छेने निवडले जाई. धूर पाहायची सोय त्यात ठेवलेली नव्हती.