आजारपण आणि सार्वत्रिक आरोग्यसेवेचा राजकीय पाठिंबा

स्वतःच्या किंवा घरातल्या माणसाच्या दुखण्यामुळे आरोग्यव्यवस्थेविषयीचे राजकीय मत कधी बदलते, कधी पक्के होते, तर कधी जागचे हलतही नाही. असे का होते, हा राज्यशास्त्राचा आणि सामाजिक मानसशास्त्राचा जुना विषय आहे. सार्वत्रिक आरोग्यसेवा म्हणजे प्रत्येकाला गरजेचे उपचार मिळतील आणि ते घेताना कोणी कर्जबाजारी होणार नाही, अशी व्यवस्था. मग तिचा पैसा करांतून येवो, सक्तीच्या विम्यातून येवो की दोन्हींतून. आजारी माणूस अशा व्यवस्थेच्या बाजूने उभा राहणारच, असे वाटणे साहजिक आहे. अनुभव मात्र तसा सरळ नाही.

या संदर्भात हमखास सांगितली जाणारी गोष्ट टॉमी डग्लस यांची. १९०४ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा मुलगा पुढे आईवडिलांबरोबर कॅनडातल्या विनिपेगला आला. गुडघ्याच्या जुन्या जखमेतून हाडात संसर्ग शिरला होता. वडील ओतकाम करणारे कामगार, त्यामुळे उपचार धर्मादाय वॉर्डातच. पाय कापावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगून टाकले होते. एका नामवंत अस्थिशल्यविशारदाला ही केस शिकवण्याजोगी वाटली. शस्त्रक्रिया विद्यार्थ्यांना पाहू द्यायची, या अटीवर त्याने ती फुकट केली आणि पाय वाचला. असा मुलगा मोठेपणी त्या डॉक्टरचे गुण गात राहिला असता तर नवल नव्हते. डग्लस यांना मात्र वेगळाच प्रश्न पडला: डॉक्टरची नजर आपल्या खाटेवर पडली नसती तर? सस्कॅचेवान प्रांताचे प्रमुख झाल्यावर त्यांनी १९४७ मध्ये सार्वजनिक रुग्णालय विमा सुरू केला. डॉक्टरांच्या फीचा विमा १ जुलै १९६२ रोजी, ते पद सोडून गेल्यावर, लागू झाला. त्याविरुद्ध डॉक्टरांनी २३ दिवस संप केला.

अमेरिकेतले सेनेटर एडवर्ड केनेडी श्रीमंत घरातले. १९७३ मध्ये त्यांच्या बारा वर्षांच्या मुलाचा पाय हाडाच्या कर्करोगामुळे कापावा लागला आणि त्याच्यावर प्रायोगिक औषधोपचार सुरू झाले. प्रयोग चालू होता तोवर उपचार फुकट होते. तो यशस्वी ठरला आणि खर्च कुटुंबांवर आला. इतर मुलांचे आईबाप घर गहाण टाकायच्या गोष्टी बोलत होते. निम्म्याच उपचारांचे पैसे जमले तर मूल जगण्याची शक्यता किती, असे ते डॉक्टरांना विचारत होते. राष्ट्रीय आरोग्य विम्याचा आग्रह केनेडी त्याआधीपासून धरत होते, त्यामुळे मुलाच्या आजाराने त्यांचे मत बदलले असे म्हणता येत नाही. पण त्या प्रतीक्षाकक्षाची आठवण ते २००९ मध्ये मृत्यूपर्यंत सांगत राहिले. दोन्ही गोष्टींत वेदनेइतकेच महत्त्व आहे ते शेजारच्या खाटेकडे लक्ष जाण्याला.

शेजारच्या खाटेकडे असे लक्ष गेले नाही तर काय होते, हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे पाहून कळते. १९२१ मध्ये पोलिओने त्यांचे पाय गेले. तरी १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधामुळे आरोग्य विमा वगळला गेला, आणि रूझवेल्ट यांनी त्यासाठी कायदा पणाला लावला नाही. पोलिओसाठी मात्र त्यांनी १९३८ मध्ये लोकवर्गणीवर चालणारी देशव्यापी संस्था काढली. आपल्या आजारापुरती कणव अशी बहुधा दानधर्माची वाट धरते.

सर्वसामान्य मतदारांबाबत राजकीय मानसशास्त्रज्ञ डेव्हिड सीअर्स आणि सहकाऱ्यांचा १९८० चा अमेरिकेतला अभ्यास नेहमी पुढे केला जातो. राष्ट्रीय आरोग्य विम्याविषयीचे मत ठरवताना स्वतःच्या गरजेपेक्षा विचारसरणी आणि पक्षनिष्ठा कितीतरी भारी पडतात, असे त्यात आढळले. आजाराचा अर्थ माणूस आधीच्या समजुतींतूनच लावतो. कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी स्वतःच्या सवयींना. तर ‘मी माझे निभावले, इतरांनीही निभवावे’ असे म्हणणारेही भेटतात. विमा कंपनीने दावा नाकारल्याचे पत्र हातात पडले की दोष द्यायला समोर कोणीतरी दिसते, आणि तिथून राजकारण सुरू होऊ शकते.

दुसरी अडचण साधी आहे: आजारपण अंगातले बळ काढून घेते. प्रकृती खालावलेले लोक मतदान कमी करतात, असे युरोप-अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांत दिसते. म्हणजे ज्यांना सेवेची सर्वाधिक गरज, त्यांचाच आवाज मतपेटीत क्षीण. उलट बाजूने, ओरेगॉन राज्याने २००८ मध्ये सोडत काढून गरिबांना सरकारी विमा दिला, तेव्हा विमा मिळालेल्यांचे त्या वर्षीच्या नोव्हेंबरमधले मतदान थोडे वाढले. पुढे तो परिणाम टिकला नाही.

एकट्याला जे जमत नाही ते संघटनेला जमते. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीबाधितांना औषधे मिळावीत म्हणून १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ या संघटनेचे कार्यकर्ते छातीवर ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असे ठसठशीत छापलेले टी-शर्ट घालत. लागण झालेले आणि न झालेले, दोघेही तोच शर्ट घालत. त्यामुळे कोण रुग्ण हे ओळखू येत नसे, आणि हाच त्यातला मुद्दा होता. संघटनेचे नेते, स्वतः एचआयव्हीबाधित असलेले झॅकी अख्मत यांनी सरकारी दवाखान्यात सर्वांना औषधे मिळेपर्यंत स्वतः औषध न घेण्याचे ठरवले. अखेर २००३ मध्ये सहकाऱ्यांच्या आग्रहावरून ते औषध घ्यायला तयार झाले. त्याआधी २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारे औषध देण्याचा आदेश सरकारला दिला होता.

आजारपणाची कहाणी सभेत सांगितली की प्रभावी ठरते, पण सांगता सांगता ती घासून गुळगुळीतही होते. बराक ओबामा २००८ च्या प्रचारात आपल्या आईचा दाखला देत: कर्करोगाने अंथरुणाला खिळलेली आई शेवटच्या महिन्यांत उपचारांच्या पैशांसाठी विमा कंपनीशी भांडत होती. त्यांच्या आईच्या चरित्रकार जॅनी स्कॉट यांनी २०११ मध्ये पत्रव्यवहार तपासून दाखवले, की रुग्णालयाची बहुतेक बिले विमा कंपनीने भरली होती. वाद होता तो काम करता न आल्यास मिळणाऱ्या भरपाईच्या वेगळ्या विम्याचा. तोवर ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा होऊन वर्ष उलटले होते.